जॅझ, सोल आणि ब्राझिलियन संगीत: नव्या आणि पुन्हा निघालेल्या अल्बमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्ड आणि सीडी घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माहितीबरोबर माझी मतंही आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

रीइश्यू म्हणजे नक्की काय?

एकदा बाजारात येऊन गेलेला अल्बम पुन्हा काढणं, हा साधा अर्थ. पण त्याच खणात तीन वेगवेगळ्या वस्तू ठेवलेल्या असतात. एक, जुना अल्बम जसाच्या तसा. दोन, तेव्हा ध्वनिमुद्रित झालेलं पण कधीच बाहेर न आलेलं संगीत. सोल गायक मार्व्हिन गेचा ‘यू आर द मॅन’ १९७२ चा, पण अल्बम म्हणून तो २०१९ मध्ये निघाला. तीन, संकलनं: कुणीतरी जाणकाराने विस्मृतीत गेलेल्या छोट्या कंपन्यांची गाणी हुडकून एकत्र केलेली. पैसे मोजण्याआधी यातलं आपल्या हातात काय आहे, हे कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाचून घ्यावं. ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष वेगळं छापलेलं असतं.

पहिल्या छपाईची प्रत चांगली की रीइश्यू?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर.

ब्लू नोटचं उदाहरण घेऊ. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनची. तिच्या पन्नास-साठच्या दशकातल्या बहुतेक रेकॉर्ड्स रूडी व्हॅन गेल्डरने मुद्रित केल्या. हा माणूस दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला, तेव्हा कुठे चष्म्याचं काम सुटलं.

जुनी ब्लू नोट हातात आली की जाणकार आधी लेबल बघत नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून, शेवटच्या गाण्यानंतर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो तो बघतो. तिथे ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ उमटलेलं असेल तर कटिंग, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीच्या खाचांत उतरवण्याचं काम, त्याच्या हातचं. शेजारी इंग्रजी पी या अक्षराची वळणदार खूण दिसली, तर ती रेकॉर्ड प्लॅस्टिलाइट कारखान्यात दाबलेली. ती खूण कानासारखी दिसते म्हणून संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. १९६६ मध्ये कंपनी लिबर्टीकडे गेली आणि कान गेला. त्या एका खुणेने किंमत कित्येक पटींनी वाढते.

आता माझं मत. कान असलेली, पण साठ वर्षं पार्ट्यांमध्ये जड सुईखाली घासलेली रेकॉर्ड ऐकण्यापेक्षा ब्लू नोटच्याच ‘टोन पोएट’ मालिकेतली रेकॉर्ड मी डोळे मिटून घेईन. २०१९ पासून चाललेली ही मालिका जो हार्ली बघतो. मूळ टेप बाहेर काढून केव्हिन ग्रे तिचं कटिंग करतो. शिवाय व्हॅन गेल्डर कटिंग करताना खालच्या खर्जाला कात्री लावायचा, कारण तेव्हाच्या घरगुती प्लेअरवर सुई उडाली असती. टेपवर होता तो डबल बास पहिल्या छपाईत पुरता उतरलेलाच नाही, तो आता ऐकू येतो. त्याच कंपनीची ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिका आणखी स्वस्त आहे. कव्हर साधं, आवाज जवळपास तितकाच चांगला.

मूळ प्रत जमवणं हा वेगळा छंद आहे. त्याला माझा विरोध नाही. फक्त त्याला ‘आवाजासाठी’ असं नाव देऊ नये.

रीइश्यूमध्ये मूळ चूक दुरुस्त झाली, असं कधी होतं का?

होतं, आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण जगातल्या सगळ्यात गाजलेल्या जॅझ अल्बमचं आहे. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुद्रित होताना टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. तीच टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढे लागतात. तीसेक वर्षं जगाने ते चढेच ऐकले. पेटी घेऊन बरोबर वाजवायला बसलेल्यांना मात्र काहीतरी खटकायचं. नव्वदच्या दशकात, त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त झालं. हल्लीच्या प्रतींत सूर जागेवर आहेत. पहिल्या छपाईत नाहीत.

‘मूळ मास्टर टेपवरून’ असं स्टिकर असतं. विश्वास ठेवायचा का?

स्टिकर वाचावं, मग ते काय सांगत नाही ते शोधावं. मूळ टेपवरून आधी डिजिटल नक्कल केली आणि त्या नकलेवरून रेकॉर्ड कापली, तरी ‘मूळ टेपवरून’ हे शब्द खोटे ठरत नाहीत. मोबाइल फिडेलिटी या महागड्या रीइश्यूंच्या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती काढणार असं तिने जाहीर केलं, तेव्हा फीनिक्समधल्या एका दुकानदाराने शंका काढली: इतक्या प्रतींसाठी मूळ टेप वारंवार यंत्रावर चढवायला कोण देईल? जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनीच मान्य केलं की बऱ्याच वर्षांपासून मधे डिजिटल पायरी आहे. ग्राहकांनी दावा लावला आणि तो अडीच कोटी डॉलरवर मिटला.

गंमत म्हणजे ‘डिजिटल लगेच कळतं’ म्हणणाऱ्या कित्येक समीक्षकांनी त्याच रेकॉर्ड्सना भरभरून गुण दिले होते. आवाज वाईट नव्हताच. राग आला तो सांगितलं नाही याचा. त्यानंतर चांगल्या कंपन्या टेप कुठली, कटिंग कुणाचं, मधे डिजिटल आहे की नाही, हे स्पष्ट छापायला लागल्या. जी कंपनी यातलं काहीच छापत नाही, तिची प्रत सीडीवरूनही बनलेली असू शकते.

१८० ग्रॅमची रेकॉर्ड जास्त चांगली वाजते का?

नाही. जड रेकॉर्ड हातात बरी वाटते, एवढंच.

जॉन कोल्ट्रेनचे ‘हरवलेले’ अल्बम सारखे कसे सापडतात? माणूस १९६७ मध्ये गेला ना?

कोल्ट्रेन हा जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक. ही शंका रास्त आहे, पण यातल्या बहुतेक टेपांचा प्रवास नीट सांगता येतो.

‘बोथ डिरेक्शन्स ॲट वन्स’ ६ मार्च १९६३ ला व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मुद्रित झाला. इम्पल्स कंपनीने सत्तरच्या दशकात जागा वाचवण्यासाठी बरीच टेप फेकून दिली, त्यात याची मास्टरही गेली. पण सत्र संपल्यावर ऐकण्यासाठी केलेली एक मोनो टेप कोल्ट्रेन घरी घेऊन गेला होता. ती पहिली पत्नी नाइमा हिच्याकडे राहिली आणि तिच्या कुटुंबाकडून २०१८ मध्ये बाहेर आली. १९६५ मध्ये सिॲटलच्या पेंटहाउस क्लबमध्ये वाजवलेलं ‘अ लव्ह सुप्रीम’ जो ब्राझील या सॅक्सोफोनवादकाने स्वतः टेप करून ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहात ते मिळालं, अल्बम २०२१ मध्ये निघाला. १९६१ चं व्हिलेज गेटमधलं वादन एका तंत्रज्ञाने क्लबची ध्वनियंत्रणा तपासताना मुद्रित केलं होतं. ती टेप न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत निघाली, अल्बम २०२३ चा. त्यात सॅक्सोफोन-बासरीवादक एरिक डॉल्फी आहे, पण एकाच मायक्रोफोनचं काम असल्याने ड्रम्स पुढे आणि पियानो कुठेतरी मागे ऐकू येतो.

ग्रंथालयांचा हा काही पहिला प्रताप नाही. १९५७ चा पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेनचा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २००५ मध्ये सापडला. खोक्यावर धड नाव नव्हतं. मंकचाच ‘पालो आल्टो’ हा १९६८ चा एका हायस्कुलातला कार्यक्रम. तो सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने ठरवला होता आणि शाळेच्या सफाई कामगाराने टेप केला होता. तो २०२० मध्ये निघाला. एकच घ्यायचा असेल तर मी हाच सांगेन. मंक इतका खुशीत फारसा सापडत नाही.

याउलट, टेप नष्टही होतात. २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओला आग लागली आणि तिथल्या गोदामातल्या मास्टर टेप गेल्या. नुकसान किती, यावर कंपनी आणि पत्रकार यांचं अजून एकमत नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडेपर्यंत बाहेर फार थोड्यांना त्याचा पत्ता होता.

सोल संगीतात एकाच गायकाचे अल्बम वेगवेगळ्या कंपन्या का काढतात?

करारांमुळे. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची गोष्ट ऐकली की सगळं कळतं. स्टॅक्सच्या रेकॉर्ड्स वितरित करायचं काम अटलांटिककडे होतं. १९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नरला विकली गेली, स्टॅक्सने फारकत घ्यायची ठरवली, करार उघडून वाचला आणि त्यात कलम निघालं: आजवर वितरित केलेल्या मास्टर टेप अटलांटिकच्या मालकीच्या. ओटिस रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला होता. पाठोपाठ त्याची गाणीही कंपनीच्या हातून गेली. म्हणून आजही ओटिस रेडिंग वॉर्नरच्या शाखेकडून येतो आणि १९६८ नंतरचं स्टॅक्स, म्हणजे आयझॅक हेजचे मोठे अल्बम वगैरे, क्राफ्ट या दुसऱ्या कंपनीकडून. दोन्ही कव्हरांवर स्टॅक्स लिहिलेलं असलं तरी घर वेगळं.

सोलमध्ये नवख्याने कुठून सुरुवात करावी?

मोठी नावं तुम्हाला सापडतीलच. त्यांच्या पलीकडे जायचं असेल तर शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपची ‘एक्सेंट्रिक सोल’ मालिका घ्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा पहिला अल्बम ओहायोतल्या कॅप्सोल या छोट्या कंपनीवर होता. शहरात चार महिने वाजून विरून गेलेली गाणी, आणि सोबत पुस्तिकेत गायक कोण, मालक कोण, धंदा का बुडाला, याची सविस्तर हकिकत. कधीकधी पुस्तिका गाण्यांपेक्षा सरस असते.

नवं सोल हवं असेल तर ब्रुकलिनची डॅपटोन कंपनी. तिथली गायिका शॅरन जोन्स २०१६ मध्ये गेली. तिच्यामागे वाजवणारा डॅप-किंग्ज वाद्यवृंद तुम्ही न कळत ऐकलेला आहे. एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये बरंचसं वादन त्यांचंच आहे.

जुन्या ब्राझिलियन रेकॉर्ड्स एवढ्या महाग का?

कमी छापल्या, त्यातल्या कमी उरल्या, आणि मग अमेरिकेतल्या हिपहॉपवाल्यांना सापडल्या. प्रत्येक गाजलेल्या महाग रेकॉर्डमागे यातलं निदान एक कारण असतं.

आर्थर वेरोकाईचा स्वतःच्या नावाचा अल्बम १९७२ चा, काँटिनेंटल कंपनीचा. व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, फोक गिटार, मधेच इलेक्ट्रॉनिक आवाज. देशात लष्करी राजवट, हवेत भीती, आणि हा माणूस असलं काहीतरी स्वप्नाळू करत होता. अल्बम पडला. वेरोकाई जाहिरातींच्या जिंगल करायला लागला. पुढे एमएफ डूम, लुडाक्रिस यांच्या मंडळींनी त्यातले तुकडे उचलले आणि मूळ प्रतीचा भाव हजारो डॉलरवर गेला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या युबिक्विटी कंपनीने तो पुन्हा काढला, नंतर इंग्लंडच्या मिस्टर बाँगो कंपनीनेही. आता तो साध्या किमतीत मिळतो. वेरोकाई पुन्हा मंचावर आला, आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या बॅडबॅडनॉटगुड या बँडच्या अल्बमसाठी त्याने व्हायोलिनांची रचना केली. रीइश्यूने एखाद्याचं उत्तरायुष्य बदलल्याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

‘पाएबिरू’ची कथा पाण्याची. लुला कोर्तेस आणि झे रामाल्यो यांचा हा दुहेरी अल्बम १९७५ मध्ये रेसिफीच्या रोझेनब्लित कारखान्यात छापला गेला. त्याच वर्षी शहराला पूर आला, कारखान्यात पाणी शिरलं आणि बहुतेक प्रती गेल्या.

टिम मायाची कथा सगळ्यात विचित्र. हा ब्राझीलच्या सोलचा बादशहा. पोरवयात न्यूयॉर्कजवळ राहिला, तिथेच सोल ऐकलं, तुरुंगात गेला, हद्दपार होऊन परत आला. १९७४ च्या सुमाराला परग्रहवासीयांवर वगैरे श्रद्धा ठेवणाऱ्या ‘कुल्तुरा रासिओनाल’ या पंथाच्या नादी लागला. दारू-गांजा सोडला, पांढरे कपडे घातले, तयार संगीतावर पंथाचे बोल चढवले. रेकॉर्ड कंपनीने हात झटकले, तेव्हा स्वतःच्या सेरोमा कंपनीतर्फे ‘रासिओनाल’ काढला. थोड्याच दिवसांत पंथावरून मन उडालं आणि तो स्वतःच त्या रेकॉर्ड्स बाजारातून काढून घ्यायला लागला. तो जिवंत होता तोवर, म्हणजे १९९८ पर्यंत, त्या पुन्हा निघू दिल्या नाहीत. व्यसनं सुटलेल्या काळातला त्याचा आवाज मात्र सगळ्यात मोकळा आहे. बोलांकडे दुर्लक्ष करा, बास ऐका.

जोआओ जिल्बर्तोचे पहिले तीन अल्बम कंपनीकडून का मिळत नव्हते?

बोसा नोव्हा ही ब्राझीलची संगीतशैली जिथून सुरू झाली ते हे तीन: १९५९ चा ‘शेगा जी साउदाजी’ आणि पुढचे दोन. १९८८ मध्ये ईएमआयने ते ‘ओ मितो’ नावाने एकत्र काढले, आवाजावर नवे संस्कार करून. जिल्बर्तो गाताना श्वासाचा आवाजही मोजून मापून ठेवणारा माणूस. आपलं काम बिघडवलं म्हणून तो कोर्टात गेला. खटला वर्षानुवर्षं चालला, अल्बम अडकले, आणि २०१९ मध्ये तो गेला तरी प्रकरण पुरतं निस्तरलं नव्हतं. दरम्यान युरोपात लहान कंपन्यांनी हेच अल्बम खुशाल विकले. कसे, ते पुढच्या प्रश्नात.

युरोपातून येणाऱ्या इतक्या स्वस्त जॅझ रेकॉर्ड्स चोरीच्या असतात का?

कायद्याने नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षं होता. २०११ च्या निर्देशाने तो ७० झाला, पण तोवर मुक्त झालेली ध्वनिमुद्रणं मुक्तच राहिली. म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं सगळं कुणीही छापू शकतं. जॅझचा सुवर्णकाळ नेमका त्यात बसतो. या कंपन्यांकडे मूळ टेप नसते आणि वादकांच्या वारसांना त्यातून सहसा काही मिळत नाही. कव्हर बदललेलं असतं, मागे दोन ‘बोनस’ गाणी चिकटवलेली असतात. मी घेत नाही. ज्याचं दुसरं कुठे काही मिळतच नाही, अशा वादकापुरता अपवाद करतो.

भारतात ही मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं आहे. अमेरिकेत १९५७ ते १९७२ ची ध्वनिमुद्रणं २०६७ पर्यंत बंद आहेत.

आपल्याकडच्या कुणाचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि त्याची बूज आपण फारशी ठेवलेली नाही.

मुंबईच्या गायिका आशा पुथली सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९७२ च्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये दोन गाणी गायल्या आहेत. पुढे त्या डिस्को-सोलकडे वळल्या. १९७६ चं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नृत्यक्लबांत वाजायचं आणि नंतर हिपहॉपमध्ये वापरलं गेलं. २०२२ मध्ये मिस्टर बाँगोने त्यांच्या निवडक गाण्यांचा अल्बम काढला. त्याच मिस्टर बाँगोने, जी ब्राझीलसाठी ओळखली जाते.

गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा हा गोवेकर आईबापांचा, मुंबईत जन्मलेला, साठच्या दशकात लंडनला गेलेला. ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा ‘हम दोनो’ हे त्याचे १९६९ चे अल्बम. ‘कोंकण डान्स’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित झाला आणि पडून राहिला. बाहेर आला २००६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

आणि तबल्यावर केशव साठे. १९६६ चा जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेला संगीतकार जॉन मेयर यांचा ‘इंडो-जॅझ सूट’, १९६७ मध्ये जर्मनीत मुद्रित झालेला ‘जॅझ मीट्स इंडिया’, दोन्हींत ठेका साठ्यांचा. दुसऱ्यात जर्मन आणि स्विस वादक मोकाट सुटतात आणि साठे शांतपणे समेवर येऊन थांबतात. ते ऐकायला तरी तो अल्बम घ्यावा.

उलट दिशेने ॲलिस कोल्ट्रेन, जॉनची पत्नी. ‘जर्नी इन सच्चिदानंद’ १९७१ चा, तंबोऱ्यावर हार्प. कॅलिफोर्नियात असताना तिने १९८२ मध्ये भजनांची कॅसेट काढली. त्याच गाण्यांची नुसता आवाज आणि ऑर्गन असलेली टेप मुलगा रवी याने २०२१ मध्ये ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’ नावाने प्रसिद्ध केली. आपल्या कानांना तिचे उच्चार आधी वेगळे वाटतील. दोन गाणी जाऊ द्या.

नव्या ब्राझिलियन अल्बमांत काय ऐकावं?

‘मिल्टन + एस्पेरान्झा’, २०२४: ऐंशी पार केलेला मिल्टन नासिमेन्तो आणि बासवादक एस्पेरान्झा स्पॉल्डिंग. आवाज थकलेला आहे, तो तसाच ठेवला आहे. मार्कोस व्हालेचा ‘तुनेल अकुस्तिको’ही २०२४ चाच, लंडनच्या फार आउट कंपनीचा. वय दिसतच नाही.

रेकॉर्डच घ्यायला हवी का?

अजिबात नको. सीडी घ्या. नव्वद आणि दोन हजारच्या दशकातल्या सीडींच्या पुस्तिका उत्तम आहेत आणि सध्या त्या कुणाला नको असल्याने रद्दीच्या भावात मिळतात. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर रेकॉर्डच्या ढिगाला दहा माणसं भिडलेली असतात, सीडीच्या खोक्याला कुणी हात लावत नाही.

पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते. काय करावं?

कोकणात आणि मुंबईत हे व्हायचंच. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको, बंद लाकडी कपाटात तर मुळीच नको. बाहेरचं जाड, चकचकीत पीव्हीसीचं आवरण काढून टाका. ते दमट हवेत रेकॉर्डला चिकटून कायमचा धूसर डाग पाडतं. पॉलिथिन चालतं. आतला कागदी खिसा पिवळा पडला असेल तर बदला, बुरशी तिथूनच सुरू होते. खाचांत पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या फडक्याने पुसू नका, बुरशी आणखी आत दाबली जाते. डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनेच. लेबलवर थेंब पडू देऊ नका. आणि जुन्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर अल्कोहोल वर्ज्य, ते लाख विरघळवतं.